तीन कारभारी आणि तुळसाची एक पेटी

राघो पाटलाची तुळसा कंपनीत पॅकिंगला आहे, हे आमच्या बाळकुमात सगळ्यांना ठाऊक होतं, आणि सगळ्यांनाच चुकीचं ठाऊक होतं. लोकांना वाटायचं, पोरगी वागळे इस्टेटीत खोक्यांना सुतळ्या बांधते. एकदा कोलशेतची सोयरीक आलेली. मुलाची आयस तुळसाच्या आयशीला, मनुबाईला, म्हणाली, "चिकटपट्ट्या लावून लावून पोरीचे हात खरबरीत झाले असतील गो."

"नाय गो, ती खुर्चीव बसून पॅकिंग करतंय."

"खुर्चीव बसून? मंग माल कोन उचलतंय?"

तुळसा आतल्या खोलीतून ओरडली, "माल तारेतनं जातंय!"

सोयरीक तिथंच मोडली. तुळसाला काही वाईट वाटलं नाही. मुलगा बुटका होता.

बापूस राघो मिठागरावर फावडं ओढणारा. मनुबाई सुकी मासळी घेऊन ठाण्यात दारोदार फिरणारी. तुळसा शाळेत जायच्या आधी आयशीची पाटी भरून द्यायची, आणि पाटी भरणं हे काही येरागबाळ्याचं काम नव्हे. मासळी एकच, पण गिऱ्हाईक तऱ्हेतऱ्हेचं. नौपाड्यातल्या बाईला बोंबील मुंडकी काढून, कागदाच्या तीन घड्यांत, वर मेथीची जुडी ठेवून, कारण शेजारणीला कळता कामा नये. गिरणीवाल्यांच्या खोल्यांत तोच बोंबील मुंडक्यासकट आणि उघडा, कारण तिथं नाकाला पटल्याशिवाय कोणी घेत नसे. मनुबाईचं सांगणं एकच: मासली तीच ठेव, पुडी ज्याच्या त्याच्या घरासारखी बांध.

तुळसा बी.एस्सी. झाली, मग संध्याकाळी जाऊन कॉम्प्युटरचा डिप्लोमा केला. गावात तोवर पोरगी दहावी झाली की पेढे वाटत. राघोला लोक विचारायचे, "अवरी शिकवून काय करतंस रं?" राघो म्हणायचा, "माज्या मिठागरावर साहेब नाय, तिलाच साहेब करतंव." चेष्टेत म्हणायचा, पण फी वेळेवर भरायचा.

ब्याण्णव साली ती वागळे इस्टेटीतल्या एका लहानशा कंपनीत लागली. मालक त्र्यंबक सहस्रबुद्धे, डोंबिवलीचे. साधा माणूस, अर्ध्या बाहीचा शर्ट, खिशात दोन पेनं. त्यांची कंपनी एक सर्व्हर प्रोग्रॅम बनवायची. नाव 'डाक'. एखाद्या धंद्याच्या चार गावांत कचेऱ्या असतील तर प्रत्येक कचेरीतल्या मशीनवर हा डाक बसवायचा. मग एका कचेरीतून लिहिलेला निरोप टेलिफोनच्या तारेतून दुसऱ्या कचेरीत जाऊन पडायचा. माणसानं फोनवर ओरडायला नको, की चिठ्ठी घेऊन कोणी पळायला नको.

प्रोग्रॅम लिहिणाऱ्याचं नाव उत्तम. उल्हासनगरचा पोरगा, डोक्यानं तल्लख, केसांना तेल कधी नाही. पण प्रोग्रॅम लिहून झाला म्हणजे गिऱ्हाइकाच्या मशीनवर चालला असं नसतं. प्रत्येक मशीनच्या अंगात एक कारभारी बसलेला असतो. त्याला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. त्या काळी हे कारभारी नाना जातींचे. कोणाला माल टेपवर पाहिजे, कोणाला फ्लॉपीवर. एकाची सामान ठेवायची जागा निराळी, दुसऱ्याची दार उघडायची रीत निराळी. एक सगळं निमूट गिळतो, दुसरा पायरीपायरीवर भांडतो. तर उत्तमनं लिहिलेला तोच डाक प्रत्येक कारभाऱ्याच्या रीतीनं बांधून द्यायचा, असा की गिऱ्हाइकाच्या माणसानं फ्लॉपी घातली, एक हुकूम दिला, की सगळं आपापल्या जागी जाऊन बसलं पाहिजे. याला म्हणायचं पॅकिंग. आणि ते तुळसाकडं.

पहिल्याच वर्षी तिनं उत्तमला सांगितलं, "तू भात शिजव. कोनाला पत्रावलीत वाढायचा नि कोनाला ताटात, ते मी बगतंव."

"अगं यार, तेवढं तर मी पण करीन."

"कर ना."

उत्तमनं एकदा केलं. भिवंडीच्या एका गिऱ्हाइकाचा फोन आला की मशीन चालूच होत नाही. त्यानंतर उत्तमनं पुन्हा म्हटलं नाही.

तुळसा गप्प बसणाऱ्यांतली नव्हे. आपलं काम आपल्याला येतं हे ती चारचौघांत मोठ्यानं सांगायची. त्र्यंबकरावांना पहिल्यांदा तिच्या आवाजाची भीती वाटायची, मग सवय झाली.

शहाण्णव साली मात्र वारं फिरलं. कारभाऱ्यांत एक नवा आला, चित्रांचा, खिडक्यांचा, आणि जो तो म्हणायला लागला की आता हाच. त्र्यंबकरावांनी हिशेब केला की जुन्या मशिनींसाठी माणूस ठेवून डबे भरायचे कशाला? नेमकं त्याच वेळी सखाराम शेठ भोईरांचं काम आलं.

सखाराम शेठ आमच्यातलेच, आगरी. कल्याणच्या खाडीपलीकडच्या गावचे. जमीन होती, जमिनीतून दोन ट्रक झाले, दोनाचे वीस झाले. भोईर ट्रान्सपोर्ट. प्रत्येक ट्रकच्या कपाळावर नाव, दोन्ही दारांवर नाव, मागच्या फळीवर नाव. तीन ठिकाणी बस्तान: कल्याणला गोदाम आणि मोठी कचेरी, डोंबिवलीला एमआयडीसीत एक, ठाण्याला एक. तिन्हीकडं मशिनी वेगवेगळ्या वेळी घेतलेल्या. कल्याणची अठ्ठ्याऐंशी सालची, तिच्यात जुना झेनिक्स कारभारी. ठाण्याची त्यानंतरची, तिच्यात युनिक्स. डोंबिवलीची नवी कोरी, तिच्यात तो खिडक्यांचा एनटी.

मुंबईची एक मोठी कंपनी शेठना सांगत होती, तिन्ही मशिनी फेकून द्या आणि एकाच जातीच्या नव्या घ्या. शेठना ते पटेना. "चालतंय ती फेकायची कनाला? बैल म्हातारा झाला म्हनून त्यानं चालायचा थांबवलाय का?" असं त्यांचं म्हणणं. पण गाडी सुटल्याचा निरोप तिन्ही कचेऱ्यांत पोचत नाही म्हणून माल दोन दोन दिवस पडून राहायचा, आणि त्यांना ते आता सहन होईना.

तुळसा त्र्यंबकरावांबरोबर कल्याणला गेली. शेठनी तिला वरखाली पाहिलं. "कनच्या गावची गो तू?"

"बाळकुमची. राघो पाटलाची."

"आपली पोर हाय!" शेठ त्र्यंबकरावांना म्हणाले, जणू ती बातमी त्यांनाच द्यायची होती. मग तुळसाला, "तीन मशिनी, तिन्ही निराळ्या. तुजा डाक तिन्हीव चालल काय?"

"चालल. आणि तीन डबे नाय करनार. एकच पेटी देतंव. कनच्याबी मशीनला लावा, पेटी आपल्या मनानं ओळखल आपन कोनाच्या घरी आलूं, नि तशी बसल."

त्र्यंबकराव खोकले. एवढं कबूल करायचं ठरलेलं नव्हतं.

परतताना जीपमध्ये ते म्हणाले, "तुळसा, तू शब्द दिलास, चांगलं आहे. पण मीही तुला स्पष्ट सांगतो. हे जमलं तर पॅकिंगचा विभाग तुझा, हाताखाली माणसं देईन. नाही जमलं तर मी फक्त नव्या सिस्टीमचा माल विकणार. मग पॅकिंगला वेगळा माणूस ठेवणं मला परवडणार नाही. राग मानू नकोस."

"राग कसला सर. पण जमनार हाय."

तिनं पेटी बांधली. मशीनमध्ये शिरताच पेटी पहिल्यांदा कारभाऱ्याला विचारायची, तू कोण? मग त्याच्या उत्तराप्रमाणे आपला योग्य तो गठ्ठा सोडायची. कल्याणच्या झेनिक्सवर लावून पाहिली, ठाण्याला लावून पाहिली, डोंबिवलीला लावली. सगळीकडं बसली. तिघांची मिळून चाचणी एका शुक्रवारी ठरली. शेठनी सांगितलं, संध्याकाळच्या गाड्या सुटायच्या आत तिन्ही कचेऱ्यांचे निरोप एकमेकांना पोचले पाहिजेत. शनिवारी सकाळी त्या मुंबईच्या कंपनीचा माणूस सहीला येणार होता. चाचणी फसली तर सही त्याला.

गुरुवारी शेठचा फोन आला. त्यांनी पडद्यावर फायलींची नावं पाहिलेली. प्रत्येक कचेरीसाठी डाकमध्ये एक वाटेचा कागद असतो, म्हणजे त्या कचेरीचा फोन नंबर आणि तिथं कसं जायचं ते. त्या कागदांची नावं तुळसानं नुसती गावांवरून ठेवलेली: डोंबिवली, कल्याण, ठाणे.

"माजा नाव कं हाय?" शेठनी विचारलं.

"कशाव?"

"त्या कागदांव. नुसता डोंबिवली काय? डोंबिवली काय माज्या बापाची हाय? भोईर ट्रान्सपोर्ट डोंबिवली पायजे. आमच्या ट्रकवर बग, नाव पयला, बाकी मागून."

दुसरा कोणी असता तर तुळसानं वाद घातला असता. पण आपल्या माणसानं आपलं नाव मशीनमध्ये पहिलं पाहिजे म्हणून मागितलं, तर तिला आत कुठंतरी बरं वाटलं. आमच्या लोकांची नावं तोवर सातबाऱ्यावर आणि मिठागराच्या मस्टरवरच असायची. "ठेवतंव शेठ. नाव पयला," ती म्हणाली. तिन्ही कागदांच्या पुढं इंग्रजीत भोईर ट्रान्सपोर्ट जोडलं, मागं गावाचं नाव, प्रोग्रॅममध्येही तसं केलं, पेटी पुन्हा बांधली, ऑफिसातल्या नव्या मशीनवर लावून पाहिली. बसली. कल्याणच्या जुन्या मशीनवर मात्र पुन्हा लावून पाहिली नाही.

शुक्रवारी दुपारी तुळसा कल्याणच्या कचेरीत, उत्तम ठाण्याला, त्र्यंबकराव डोंबिवलीला. तिन्ही मशिनींना नवी पेटी लावलेली. ठाण्याहून कल्याणला निरोप आला. शेठ खुर्ची ओढून पडद्यापुढं बसले. डोंबिवलीहूनही आला. शेठच्या तोंडात पान होतं, ते चघळायचे थांबले. "आथा आपला पाठव," ते म्हणाले. "डोंबिवलीला. लिही, गाडी सुटली."

तुळसानं पाठवला. मॉडेम किंचाळला, लाइन लागली, काम झाल्याची खूण आली. दोन मिनिटांनी फोन वाजला. तुळसानं उचलला. उत्तम होता.

"अगं, डोंबिवलीचा निरोप माझ्याकडे कसा आला?"

"तुज्याकडं?"

"हो. गाडी सुटली. ठाण्यात कोणती गाडी सुटली?"

पुन्हा पाठवला. पुन्हा ठाण्याला. त्र्यंबकरावांचा डोंबिवलीहून फोन, "तुळसा, इथे अजून काही आलेलं नाही." आवाज शांत होता, पण तो कसला शांत होता ते तिला कळलं.

शेठ उठले, पिंक टाकून आले, आणि मुंबईच्या माणसाचं कार्ड टेबलाच्या काचेखाली होतं ते नुसतं बोटानं सरळ केलं.

तुळसानं मशीनमध्ये शिरून वाटेचे कागद पाहिले. तीन असायला हवे होते. एकच होता. त्यात ठाण्याचा नंबर. नाव नुसतं भोईर ट्रान्सपोर्ट, मागं गावाचं नावच नाही. फ्लॉपी पाहिली, तिच्यावर तिन्ही होते, शाबूत. पेटीतून तीन निघाले आणि घरात एकच पोचला, मग दोघं वाटेत मेले कुठं? तिनं पेटी पुन्हा लावली. पुन्हा एकच.

गोदामाच्या अंगणात तेव्हा गाड्या भरत होत्या. शेठना कोणाला तरी गाडी मागं घ्यायला सांगायची होती. रागात होते, खिडकीतून ओरडले, "ए भोईर! गारी मागं घे!"

अंगणातल्या पाच ड्रायव्हरांनी माना वळवल्या. तिघांनी गाड्या सुरू केल्या. शेठच्या गावचे ड्रायव्हर, सगळेच भोईर. दोन गाड्या एकमेकींच्या अंगावर यायला लागल्या, हमाल ओरडत बाजूला पळाले.

"अरे तू नाय रं! तू नाय! चिंबोऱ्या, तू! चिंबोऱ्या भोईर!"

एकच गाडी मागं गेली. बाकीच्या थांबल्या.

हे आमच्याकडं रोजचंच. गावात सगळ्यांचं आडनाव एक, अर्ध्यांची नावंही तीच. काळुराम भोईर म्हणून हाक मारली तर आळीच्या आळी बाहेर येईल. म्हणून माणूस ओळखायचा तो पुढं लावलेल्या नावानं: चिंबोऱ्या काळू, मोठ्या डोल्याचा काळू, मिठागरावरचा काळू. वेगळं करणारी गोष्ट पुढं, सगळ्यांची सारखी गोष्ट मागं. आडनाव तर कोणी उच्चारतही नाही. लहान पोरालाही हे माहीत असतं. आणि बाळकुमच्या तुळसानं, ज्या तिघांना वेगळं ओळखायचं त्या तिघांच्या पुढं तेच एक आडनाव लावून दिलेलं.

तुळसानं कपाळाला हात मारला. "आग लागो माज्या तोंडाला!"

झेनिक्स कारभारी जुना. त्याला फायलीच्या नावाची चौदाच अक्षरं लक्षात राहतात. पुढची तो मुकाट्यानं गाळून टाकतो, कुरकुरही करत नाही. भोईर ट्रान्सपोर्ट इंग्रजीत जोडून लिहा, नेमकी चौदा अक्षरं होतात. गावाचं नाव यायच्या आतच कारभाऱ्यानं दार लावलेलं. डोंबिवलीचा कागद आला, त्याला भोईर ट्रान्सपोर्ट म्हणून बसवला. कल्याणचा आला, त्याचंही तेच नाव, म्हणून पहिल्याच्या जागी बसवला. शेवटी ठाण्याचा आला आणि तो दोघांना उठवून एकटाच राहिला.

तिनं उत्तमला फोन लावला. उत्तमला कळायला अर्धं मिनिट लागलं. "ओ! चौदा!" तो म्हणाला. "मग सोपं आहे ना यार. तिथल्या तिथे हातानं नावं बदल, प्रोग्रॅमची यादी बदल, निरोप पाठव आणि मोकळी हो. कोणाला काय कळतंय?"

"मना कळतंय ना."

"अगं वेळ बघ."

"उत्तम, मी शेठना एक पेटी बोललंव, कनच्याबी मशीनला लागनारी. हातानं ठिगल लावलेली पेटी नाय बोललंव. उद्या मशीन बिघरला, शेठच्या मानसानं पेटी परत लावली, मंग परत डोंबिवलीचा माल ठान्याला. तवा काय मी मांडीला मांडी लावून बसू काय आठं? पेटी नवीन बांधायची. तू बांध."

"मी? मी पॅकिंग कधी..."

"भिवंडीला केलतास ना? मी सांगतंव तसा कर. हात चालव, डोका नको चालवू."

पण त्याआधी एक गोष्ट होती. ती शेठकडं वळली. "शेठ, चूक माजी हाय. मशीनची नाय, डाकची पन नाय. मी नाव पुढं लावला म्हनून झाला." आणि तिनं सगळं सांगितलं, अंगणातल्या पाच भोईरांसकट. "गावाचा नाव पुढं घ्यावा लागल. तुमचा मागं जाईल."

"माजा नाव मागं?" शेठ ताठ झाले. "वीस गाड्यांव पुढं हाय नि यवऱ्याशा डब्यान मागं?"

"शेठ, खरा सांगा. तुमच्या गावान तुमच्या नावाचा कागद आला, तं पोस्टमन भोईर विचारतंय काय?"

शेठनी पान एका गालातून दुसऱ्या गालात सारलं.

दाराशी चिंबोऱ्या भाडेपावती घ्यायला येऊन उभा होता. तो खाली बघत म्हणाला, "पोस्टमन रेड्यांचा सखाराम विचारतंय."

शेठच्या बापसाकडं एके काळी पंचक्रोशीत नावाजलेला रेडा होता. घराला नाव पडलं ते पडलं. शेठनी चिंबोऱ्याकडं असं पाहिलं की त्याची नोकरी जातेय असं वाटलं. मग त्यांच्या पोटातूनच हसू आलं, पानाचा रस शर्टावर उडाला.

"कर गो. मागं तं मागं. पन रेडा नको लिहू त्यान."

"नाय लिहीत. आणि डोंबिवली सगल्यान लांब नाव, पन तिच्या कागदावबी तुमचा 'भोईर' पुरा ऱ्हातंय, मी मोजलाय."

"मंग डोंबिवलीवाल्यांना सांग, तुमी नशीबवान."

प्रोग्रॅमचं मूळ सामान उत्तमजवळच, म्हणून तुळसानं फोनवरून त्यालाच पेटी बांधायला लावली. नावं फिरवली: गाव पुढं, भोईर मागं. आणि एक नवीन गोष्ट घातली. पेटीनं उघडण्याआधी त्या घरात लांबलचक, पुढून सारख्या पण शेवटी वेगळ्या नावांचे दोन कोरे कागद ठेवून पाहायचे. दोनांचा एक झाला, तर समजायचं कारभारी आखूड कानाचा आहे, मग आपल्या सगळ्या कागदांची नावं त्याला पुरतील अशी आहेत का ते तपासायचं, नसतील तर तिथंच थांबून मोठ्यानं सांगायचं. मुकाट्यानं काही बिघडायचं नाही. उत्तम टाइप करत होता आणि मधूनमधून विचारत होता, आणि दोनदा म्हणाला की हे हुशारीचं आहे. तुळसा म्हणाली, "ते नंतर बोल, आथा टाइप कर."

आता ती ठाण्यातली पेटी कल्याणला आणायची कशी? गाडी पाठवली तर भिवंडी बायपासवर संध्याकाळ होणार.

"डाकनंच पाठव," तुळसा म्हणाली.

"काय?"

"ठान्याहून कल्यानची वाट चालू हाय ना? निरोप येतंय ना? मंग पेटीपन निरोपच हाय. मोठा निरोप. घाल पोत्यान नि दे पाठवून."

एक अडचण होती. कल्याणच्या कचेरीत तार एकच. तीच फोनची, तीच मॉडेमची, आणि तिच्यावर दोन जोडफोन, एक गोदामात, एक शेठच्या केबिनमध्ये. पेटी येत असताना कोणी नुसता फोन उचलला तरी सगळं तुटणार. तुळसानं हे सांगितलं आणि फोन ठेवला. मॉडेम किंचाळायला लागला.

पेटी अर्ध्यावर आली आणि गोदामात कोणी कारकुनानं सवयीनं फोन उचलला. तुटलं.

"कोन हाय रं तो!" शेठ असे उठले की खुर्ची पडली. गोदामात गेले, तिथला फोन वायरीसकट उचलून पोटाशी धरला, केबिनमधला दुसऱ्या काखेत घेतला, आणि मधल्या दारात स्टुलावर बसले. दोन फोन कुशीत, जशी बाळंतीण जुळी घेऊन बसते. "आथा कोनी हात लावला तं हात तोरीन! माजा बापूस आला तरी थांब म्हनावं!"

ठाण्याहून उत्तमनं पेटी पहिल्यापासून पुन्हा पाठवायला घेतली. व्यापारी आले, थांबले. एक मुकादम विचारायला आला की फोन करायचाय, त्याला शेठनी नुसतं डोळ्यानं परत पाठवलं. अंगणातल्या गाड्या भरून झाल्या होत्या, ड्रायव्हर दारात गोळा झाले होते, नक्की काय चाललंय ते कोणाला कळत नव्हतं, पण शेठ फोन धरून बसलेत म्हणजे काहीतरी मोठं असणार, म्हणून सगळे हळू बोलत होते. चिंबोऱ्यानं विचारलं, "काय येतंय तारेतनं?"

"पेटी," दुसरा म्हणाला.

"दिसत नाय."

"दिसली असती तं तुज्याच गारीन टाकली असती."

मॉडेम थांबला. तुळसानं पाहिलं. पेटी आलेली, पूर्ण. तिनं ती लावली. पेटीनं कारभाऱ्याला विचारलं, तू कोण? कळलं, झेनिक्स. मग दोन कोरे कागद ठेवून पाहिले, आणि पडद्यावर ओळ उमटली की इथं लांब नावं चालत नाहीत, त्याप्रमाणे तपासून पुढं जात आहे. मग एकेक गठ्ठा सुटला. तुळसानं वाटेचे कागद पाहिले. तीन. डोंबिवली-भोईर, कल्याण-भोईर, ठाणे-भोईर, प्रत्येक आपल्या पाटावर.

"आथा डोंबिवलीला पयला काय पाठवतंस?" शेठनी फोन न सोडता विचारलं. "गाडी सुटली?"

"आदी पेटी पाठवतंव. ठान्याला उत्तमनं लावलीच हाय, तिन्ही घरान सारखीच पायजे."

कल्याणहून डोंबिवलीला गेलेला पहिला खरा निरोप तो असा. तारेतून गेला, आणि नेमका डोंबिवलीलाच पोचला. त्र्यंबकरावांनी आयुष्यात आजवर एकही पेटी स्वतःच्या हातानं लावलेली नव्हती. दुपारची पेटीही तिथल्या कारकुनानं लावलेली, आणि तो आता चहाला गेलेला. तुळसानं निरोपातच दोन ओळी लिहिलेल्या: सर, एक हुकूम द्या, ती विचारेल त्याला होय म्हणा, मधे काही करू नका. त्यांनी हुकूम दिला, होय म्हटलं, आणि मधे काही केलं नाही. खिडक्यांच्या कारभाऱ्यानं पेटी गपकन घेतली.

मग शेठनी दोन्ही फोन खाली ठेवले, हात झटकले, आणि स्वतः मशीनपुढं बसले. एका बोटानं अक्षरं शोधत लिहिलं. गाडी सुटली. तुळसानं पाठवला. एक डोंबिवलीला, तसाच दुसरा ठाण्याला. 

डोंबिवलीचा निरोप परत आला: पोचली. त्र्यंबक. लगेच ठाण्याचा: माझ्याकडे माझीच आली, डोंबिवलीची नाही. उत्तम.

"सुटली!" शेठ अंगणाकडं तोंड करून गरजले. "गाऱ्या सोरा रं!" आणि गाड्या सुटल्या, भोंगे वाजवत, गणपती नेताना वाजवतात तसे. चिंबोऱ्यानं भोंगा सोडलाच नाही, नाक्यापर्यंत ऐकू येत होता. शेठनी काचेखालचं मुंबईवाल्याचं कार्ड काढलं, त्यानं दातात अडकलेली सुपारी काढली, आणि फेकून दिलं. "पोरी," ते म्हणाले, "उद्या त्या मानसाला सांगतंव, आमच्याकडं पॅकिंगवाली हाय."

फोन वाजला. आता कोणीही उचलू शकत होतं, पण सगळे तुळसाकडंच बघत राहिले. तिनं उचलला. त्र्यंबकराव होते. कसं बोलावं ते त्यांना कळत नव्हतं, म्हणून ते सरळ कामाचंच बोलले.

"तुळसा, अंबरनाथच्या एका औषधवाल्याला मी मागच्या आठवड्यात नाही म्हणालो होतो. त्याच्याकडच्या मशिनी फार प्रकारच्या आहेत म्हणून. त्याला आत्ता फोन करून हो म्हणू का?"

"किती प्रकारच्या हायत?"

"पाच."

"पाच काय सर? मना वाटला पंधरा. म्हना हो. नि मना हाताखाली दोन मानसं लागतील, सोमवारपासून. एक तुमी बगा, एक मी बाळकुमातनं आनतंव."

"बाळकुममध्ये कोण आहे?"

"हाय एक पोरगी. आवाज माज्यापेक्षा मोठा हाय तिचा."

पलीकडं त्र्यंबकराव खोकले. मग म्हणाले, "आण."

तुळसानं फोन ठेवला. सकाळपासून तिच्या पोटात काही नव्हतं. गोदामामागं ड्रायव्हरांची चूल पेटलेली, तव्यावर ओले बोंबील पडल्याचा आवाज येत होता. शेठनी स्टूल उचलून तिच्यापुढं धरलं आणि हमालांना ओरडून सांगितलं की साहेबांना पयली वाढा.